दारावरची नोंदणी: कॅनडातल्या एका नेतेनिवडीच्या सभेचा अभ्यास

१० सप्टेंबर २०२२ रोजी ओटावात निकाल लागला आणि कॅनडाच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाची नेतेपदाची निवडणूक पहिल्याच फेरीत आटोपली. पिएर पॉलिएव्ह यांना ६८.१५ टक्के गुण मिळाले (हे गुण काय असतात ते पुढे सांगते), दुसऱ्या क्रमांकावरचे जाँ शारे १६.०७ टक्क्यांवर राहिले. ३३८ मतदारसंघांपैकी ३३० मध्ये पॉलिएव्ह पुढे होते. याच पक्षात २०१७ साली तेरा फेऱ्या मोजाव्या लागल्या होत्या आणि तेराव्या फेरीत अँड्र्यू शीअर ५०.९५ टक्क्यांवर कसेबसे पार झाले होते. पाच वर्षांत इतका फरक कशामुळे पडला, याचं उत्तर बहुतेकांनी भाषणांत, घोषणांत आणि व्हिडिओंत शोधलं. माझ्या मते ते सभागृहाच्या दाराशी मांडलेल्या टेबलावर होतं.

मी ओंटारिओत राहते. त्या वसंत ऋतूत आमच्या भागात झालेल्या पॉलिएव्ह यांच्या एका सभेला मी गेले होते. मी त्यांची समर्थक नव्हते आणि विरोधकही नव्हते. सभा कशी भरते, कोण येतं आणि आलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे मला बघायचं होतं. इथल्या मराठी मंडळींशी बोलताना नेहमी जाणवतं, की संसदेच्या निवडणुकीबद्दल आपण तावातावाने बोलतो, पण पक्षाच्या आतली निवडणूक कशी चालते याचा पत्ता फार थोड्यांना असतो. खरी निवड अनेकदा तिथेच झालेली असते. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडते आहे.

पार्श्वभूमी

२ फेब्रुवारी २०२२ ला पक्षाच्या खासदारांनी आपलेच नेते एरिन ओ'टूल यांना ७३ विरुद्ध ४५ मतांनी पदावरून काढलं. आदल्या सप्टेंबरातली निवडणूक ते हरले होते आणि पक्षातल्या उजव्या गटाला ते फार मध्यममार्गी वाटत होते. त्याच आठवड्यात ओटावाच्या रस्त्यांवर ट्रक उभे होते, लसीच्या सक्तीविरुद्ध आंदोलन पेटलं होतं. पॉलिएव्ह यांनी ५ फेब्रुवारीला उमेदवारी जाहीर केली आणि आंदोलक ट्रकचालकांची बाजू उघडपणे घेतली. त्यामुळे त्यांचे पाठीराखे पहिल्या दिवसापासून कडवे झाले, आणि काही मतदार पहिल्याच दिवशी कायमचे दूर गेले. ही दुसरी बाजू पुढे महत्त्वाची ठरली, ती शेवटी येईलच.

महागाईचा आकडा दर महिन्याला चढत होता आणि जूनमध्ये तो ८.१ टक्क्यांवर गेला. बँक ऑफ कॅनडाचा मूळ व्याजदर वर्षाच्या सुरुवातीला ०.२५ टक्के होता, सप्टेंबरपर्यंत तो ३.२५ वर पोचला. बदलत्या दराचं गृहकर्ज असलेल्या प्रत्येक घरात हा विषय जेवणाच्या टेबलावर होता. ज्यांचं घरच नव्हतं त्यांची हालत त्याहून वाईट, कारण टोरांटो आणि व्हँकुव्हरच्या किमती दोन पगारांच्या जोडप्यालाही आवाक्यात वाटेनाशा झाल्या होत्या. सभांना होणाऱ्या गर्दीमागचं कारण मुख्यतः हे होतं. त्या गर्दीला फक्त ‘ट्रकवाले’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी ती नीट पाहिली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

नियम, कारण सगळा खेळ तिथे आहे

भारतात पक्षाध्यक्ष कसा निवडतात याचा ताजा दाखला त्याच वर्षीचा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये काँग्रेसने निवडणूक घेतली, मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ आणि शशी थरूर यांना १,०७२ मतं पडली. मतदार होते प्रदेश काँग्रेसचे प्रतिनिधी, सगळे मिळून दहा हजारांच्या आत. साध्या सभासदाला मत नव्हतं.

कॅनडात उलटं आहे. पंधरा डॉलर भरून जो सभासद होईल त्याला मत. वय १४ पूर्ण हवं आणि माणूस कॅनडाचा नागरिक किंवा कायम रहिवासी हवा. कायम रहिवासी, म्हणजे ज्याला संसदेच्या निवडणुकीत मतदान करता येत नाही तोसुद्धा. पुण्याहून दोन वर्षांपूर्वी आलेला, पीआर म्हणजे कायम रहिवास मिळालेला मुलगा खासदार निवडू शकत नाही, पण उद्या पंतप्रधान होऊ शकेल अशा माणसाला पक्षाच्या नेतेपदी बसवण्यात त्याचं मत मोजलं जातं. मी हे सांगते तेव्हा आपली मंडळी विश्वास ठेवत नाहीत. नियम तसाच आहे.

सभासद होण्याची शेवटची तारीख होती ३ जून. मतपत्रिका टपालाने घरी येणार, तीवर उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा, ओळखपत्राची प्रत आणि सही केलेलं प्रतिज्ञापत्र जोडून ६ सप्टेंबरच्या आत परत पोचवायची. पैसे ज्याचे त्याने भरायचे. २०१७ मध्ये एका तक्रारीनंतर पक्षाने १,३५१ नावं यादीतून काढून टाकली होती, कारण ती सभासदत्वं नियमानुसार भरलेली नव्हती. तेव्हापासून या बाबतीत पक्ष डोळ्यात तेल घालून असतो.

मग येतं गुणांचं गणित. प्रत्येक मतदारसंघाला शंभर गुण. त्यात किती सभासदांनी मत दिलं याला महत्त्व नाही, फक्त शंभरापेक्षा कमी मतं पडली तर जितकी मतं तितकेच गुण. अल्बर्टात एका मतदारसंघात काही हजार सभासद असू शकतात आणि माँट्रियलच्या एखाद्या मतदारसंघात शंभरच, तरी दोघांचं वजन सारखं. २००३ साली कॅनेडियन अलायन्स आणि प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह हे दोन पक्ष एकत्र आले, तेव्हा पश्चिमेच्या सभासदसंख्येखाली पूर्वेचा आवाज दबू नये म्हणून ही अट घातली गेली. अर्थ असा, की बालेकिल्ल्यात कितीही मोठी सभा घेतली तरी तिची किंमत शंभर गुणांवर अडते. जिंकायचं तर सगळीकडे थोडे थोडे सभासद हवेत. ओंटारिओचे तेव्हाचे १२१ आणि क्वेबेकचे ७८ मतदारसंघ सोडून कुणालाच भागत नव्हतं.

मैदानात उतरणंही सोपं नव्हतं. उमेदवाराला दोन लाख डॉलर नोंदणी शुल्क, वर एक लाख डॉलर अनामत. एका व्यक्तीकडून एका वर्षात जास्तीत जास्त १,६७५ डॉलरची देणगी. कंपन्या आणि कामगार संघटना यांच्याकडून एक छदामही नाही. म्हणजे पैसाही माणसं मोजूनच गोळा करावा लागतो, आणि त्यासाठी पुन्हा माणसं समोर यावी लागतात.

सभा

सभेला यायचं तर आधी संकेतस्थळावर नाव नोंदवा, असं कळवलं होतं. प्रवेश फुकट, पण नाव, ईमेल, फोन आणि पोस्टल कोड भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. पोस्टल कोडवरून मतदारसंघ कळतो. सभेच्या आधीच मोहिमेला ठाऊक झालं होतं, की आज कुठल्या मतदारसंघातून किती लोक येणार आणि त्यांना नंतर फोन कुठे करायचा.

ठिकाण होतं एक बँक्वेट हॉल, जिथे एरवी लग्नं आणि कंपन्यांच्या पार्ट्या होतात. पार्किंग भरून गाड्या बाजूच्या फर्निचरच्या दुकानापुढे लागल्या होत्या. हवेत गारठा होता आणि दारापासून निघालेली रांग इमारतीला वळसा घालून मागे गेली होती. माझ्याबरोबर माझ्या नणंदेचा मुलगा होता, तेव्हा अकरावीत. रांगेत आमच्या पुढे प्लंबिंगच्या कंपनीचं जॅकेट घातलेले दोघे, त्यांच्यापुढे एक फिलिपिनो कुटुंब, मागे तीन पंजाबी तरुण. मॉर्गेजवर बोलणं चाललं होतं. लसीबद्दलही, पण मॉर्गेजपेक्षा कमी.

दाराशी दोन्ही बाजूंना टेबलं. प्रत्येक टेबलावर दोन स्वयंसेवक, हातात टॅब्लेट, समोर क्यूआर कोडचा मोठा छापील फलक. माझ्या वाट्याला आलेली मुलगी विशीतली होती. तिने नाव विचारलं, यादीत शोधलं आणि लगेच दुसरा प्रश्न, “पक्षाच्या सभासद आहात का?” मी नाही म्हटलं. “मग आजच होऊन टाका, तीन मिनिटांचं काम आहे.” मी नंतर बघते म्हटल्यावर तिने आग्रह केला नाही, फक्त टॅब्लेटवर काहीतरी टिपून घेतलं. मग ती भाच्याकडे वळली. वय किती? सोळा. मग तुलाही होता येईल, ती म्हणाली. भाचा माझ्याकडे बघायला लागला. “मामी, खरंच? मला मत?” त्याच्या आवाजातलं ते आश्चर्य मला नीट आठवतं. सोळा वर्षांच्या पोराला त्या दिवसापर्यंत कुणीही, शाळेनेसुद्धा, तुझं मत मोजलं जाईल असं सांगितलं नव्हतं.

आत खुर्च्या अगदी थोड्या, भिंतीला लागून, वयस्कर मंडळींसाठी. बाकी सगळे उभे. भरलेला हॉल आणखी भरलेला वाटतो तो यानेच. व्यासपीठाच्या मागे कॅनडाचे झेंडे. एका स्थानिक कार्यकर्त्याने चार वाक्यांत प्रास्ताविक केलं, हारतुरे नाहीत, व्यासपीठावर मान्यवरांची रांग नाही. आपल्याकडे मुख्य वक्ता बोलायला उठेपर्यंत जितका वेळ जातो तितक्यात इथलं अर्धं भाषण झालं होतं.

पॉलिएव्ह यांच्या हातात कागद नव्हता. भाषणाचा गाभा एकच होता, तुमच्या आणि तुमच्या हक्काच्या जगण्याच्या मध्ये ‘गेटकीपर’ उभे आहेत. घर बांधायला परवानगी न देणारी नगरपालिका, परदेशातून आलेल्या डॉक्टरला वर्षानुवर्षं ताटकळत ठेवणारी परवाना संस्था, चलन छापून महागाई आणणारी मध्यवर्ती बँक. प्रत्येक मुद्द्याला उदाहरण तयार. व्हँकुव्हरमध्ये स्क्वामिश आदिवासी राष्ट्राच्या जेमतेम दहा एकर जमिनीवर सहा हजारांच्या आसपास घरं होणार आहेत, कारण तिथे शहराच्या परवान्यांची कटकट नाही, हे त्यांनी रंगवून सांगितलं. परदेशात शिकलेल्यांच्या परवान्याचा निर्णय साठ दिवसांत लावू, या आश्वासनाला माझ्या आसपासच्या स्थलांतरितांनी सर्वांत जोरात टाळ्या दिल्या. आमच्या ओळखीत नागपूरच्या एक डेंटिस्ट आहेत, इथे येऊन त्यांची कितीतरी वर्षं परीक्षांत गेली. त्यांची आठवण येऊन मीही टाळी वाजवली.

मात्र बँक ऑफ कॅनडाच्या गव्हर्नरला काढून टाकण्याची त्यांची भाषा मला तेव्हाही पटली नव्हती, आजही पटत नाही. महागाई त्या वर्षी जगभर होती आणि मध्यवर्ती बँक पंतप्रधानाच्या मर्जीवर चालायला लागली तर काय होतं, हे शिकायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. पक्षातल्याच काही जाणत्यांनी या मुद्द्यावर जाहीर नापसंती व्यक्त केली होती. सभागृहात मात्र याच वाक्याला शिट्ट्या पडल्या. सभेतलं चांगलं वाक्य आणि चांगलं धोरण यांतलं अंतर तिथे उघडं दिसत होतं.

भाषण संपलं आणि पुढे जे झालं ते त्या संध्याकाळचं मुख्य काम होतं, असं मी आता ठामपणे म्हणू शकते. उमेदवाराबरोबर फोटो काढण्याची रांग लागली. गर्दीतले निम्मे तरी थांबले असतील. प्रत्येकाला काही क्षण, हात मिळवायचा, एखादं वाक्य बोलायचं, फोटो, पुढचा. रांग तास-दीड तास सरकत राहिली, आणि त्या रांगेत तेच टॅब्लेटवाले स्वयंसेवक डोक्यापासून शेपटीपर्यंत फिरत होते. नुकतंच भाषण ऐकलेला, उत्साहात असलेला, उभं राहण्यापलीकडे काही काम नसलेला माणूस फॉर्म भरायला याहून कधी तयार असणार? माझ्या पुढच्या प्लंबरने तिथेच कार्ड काढून पंधरा डॉलर भरले आणि मग घरी फोन करून बायकोला लिंक पाठवली. एक सभासद बघता बघता दोन झाले.

आपल्याकडच्या सभेत कार्यकर्ता गर्दी आणतो आणि गर्दी सभेनंतर विरघळते. कुठून कोण आलं होतं याची नोंद कुणाकडे राहत नाही. इथे माणूस घरी पोचायच्या आत त्याचं नाव, मतदारसंघ, पसंती आणि फोन नंबर यादीत होता.

आकडे काय सांगतात

पॉलिएव्ह यांच्या मोहिमेने जाहीर केलं, की ३ जूनपर्यंत त्यांनी ३,११,९५८ सभासद नोंदवले. असे दावे फुगवलेले असतात, म्हणून मी तेव्हा हा आकडा बाजूला ठेवला होता. निकालात त्यांना प्रत्यक्ष मतं पडली २,९५,२८५. नोंदवलेले सगळे मत देत नाहीत आणि दुसऱ्यांनी नोंदवलेल्यांपैकी काही आपल्याकडे येतात, हे धरूनही दोन आकडे इतके जवळ असणं बोलकं आहे. पक्षाच्या यादीत पावणेसात लाखांच्या वर नावं झाली होती, २०२० मध्ये ती पावणेतीन लाखांच्याही आत होती. त्या यादीतल्या सुमारे ६५ टक्के लोकांच्या मतपत्रिका परत आल्या. पॉलिएव्ह यांनी असलेले मतदार वळवले, त्याहीपेक्षा मतदारयादीच नव्याने लिहिली.

दुसरी पद्धत त्याच निवडणुकीत वापरली गेली, म्हणून ही तुलना करता येते. ब्रॅम्प्टनचे महापौर पॅट्रिक ब्राऊन मंदिरं, गुरुद्वारे, मशिदी, निरनिराळ्या समाजांच्या संघटना यांच्यामार्फत सभासद करत होते. समाजाच्या पुढाऱ्याने शब्द दिला की त्याच्यामागे शेकडो नावं. आपल्याला ही रीत ओळखीची आहे, गठ्ठा मतदान. त्यांच्या मोहिमेनेही दीड लाखाहून जास्त सभासद केल्याचा दावा केला होता. ५ जुलैला पक्षाच्या निवडणूक समितीने, देणगीच्या नियमांबाबतच्या आरोपांवरून, त्यांना शर्यतीतून बाद केलं. ब्राऊन यांनी आरोप फेटाळले. खरंखोटं मी ठरवू शकत नाही, पण पुढचं सगळ्यांनी पाहिलं. ब्राऊन यांनी नंतर शारे यांना पाठिंबा दिला, तरी शारे यांना एकूण पन्नास हजारांच्याही आतच मतं पडली. पुढाऱ्याच्या शब्दावर सभासद झालेला माणूस पुढारी बाजूला झाल्यावर मतपत्रिका भरून, ओळखपत्राची प्रत काढून, टपालपेटीपर्यंत जाण्याची तसदी घेत नाही. रांगेत उभं राहून स्वतःच्या कार्डाने पैसे भरलेला घेतो.

जाँ शारे यांचं नवल वाटतं आणि वाईटही. क्वेबेक प्रांताचे नऊ वर्षं प्रीमियर म्हणजे मुख्यमंत्री राहिलेले, इंग्रजी-फ्रेंच दोन्ही भाषांवर हुकमत, १९९३ साली जुना प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष दोन जागांवर आला तेव्हा त्या दोनांतले एक. अनुभवात त्यांच्या तोडीचा कुणी नव्हता. ते ‘मी देशाची निवडणूक जिंकू शकतो’ हे सांगत फिरले. पण समोर देशाचे मतदार नव्हतेच, पंधरा डॉलर भरणारे होते. स्वतःच्या क्वेबेकमधलेही बहुतेक मतदारसंघ त्यांच्या हातून गेले.

गर्दी कुठे अपुरी पडली

२०२५ च्या एप्रिलमध्ये पॉलिएव्ह यांच्या सभा २०२२ पेक्षा कितीतरी मोठ्या झाल्या. एडमंटनजवळच्या सभेत माजी पंतप्रधान स्टीफन हार्पर व्यासपीठावर होते आणि समोर हजारो लोक. जानेवारीत पक्ष जनमत चाचण्यांत वीसेक टक्क्यांनी पुढे होता. मग लिबरल पंतप्रधान ट्रूडो पायउतार झाले, त्यांच्या जागी मार्क कार्नी आले, ट्रम्प यांनी आयातशुल्काची आणि कॅनडाला अमेरिकेचं ५१ वं राज्य करण्याची भाषा लावून धरली. २८ एप्रिलला कॉन्झर्व्हेटिव्हना ४१.३ टक्के मतं मिळाली, १९८८ नंतरचा या विचाराच्या पक्षाचा सर्वांत मोठा वाटा, आणि तरीही ते १४४ जागांवर थांबले. लिबरल १६९. स्वतः पॉलिएव्ह २००४ पासून राखलेली ओटावाजवळची आपली जागा चार हजारांहून जास्त मतांनी हरले. त्याच ओटावात २०२२ मध्ये ट्रक उभे होते.

सभांची पद्धत तीच होती, माणूस तोच होता. बदललं होतं ते मतदारांचं कुंपण. नेतेपदाच्या निवडणुकीत जो सभेला येत नाही तो बहुधा मतदारही नसतो. देशाच्या निवडणुकीत जो सभेला कधीच येणार नाही, ज्याला त्या घोषणांची भीतीच वाटते, तोही केंद्रावर जातो आणि मत देतो. महाराष्ट्राने हे राज ठाकरे यांच्या सभांत बघितलं आहे. मैदानं भरत राहिली आणि मनसेच्या विधानसभेतल्या जागा २००९ च्या १३ वरून २०१४ आणि २०१९ मध्ये एकेक आणि २०२४ मध्ये शून्यावर आल्या. ‘सभेला गर्दी, पण मतं कुठे?’ हा प्रश्न आपण नेत्याच्या करिष्म्याच्या नावाने विचारतो. माझ्या मते आधी विचारायला हवं, की सभेच्या दारावर नाव कुणी लिहून घेतलं, आणि त्या दिवशी सभेला न आलेल्यांचं मत मोजलं जाणार आहे का.

पॉलिएव्ह यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अल्बर्टातल्या बॅटल रिव्हर–क्रोफूटमधून पोटनिवडणूक लढवली आणि सुमारे ८० टक्के मतं घेऊन संसदेत परतले.

इथल्या मराठी वाचकांसाठी

मिसिसागा, ब्रॅम्प्टन, मिल्टन, कॅल्गरी इथे आता आपली मंडळी बऱ्यापैकी आहेत. गणेशोत्सवात खासदार येतात, आरती घेतात, मंडळाबरोबर फोटो काढतात आणि आपण खूश होतो. त्या फोटोत आपलं नाव, पत्ता, पसंती काहीच नोंदलं जात नाही, ना त्यांच्याकडे, ना आपल्याकडे. पक्ष कोणताही आवडो, माझी एक कळकळीची विनंती आहे. आपल्या मतदारसंघात त्या पक्षाच्या उमेदवारीची निवड कधी आहे ते आधी शोधा. त्या बैठकीत अनेकदा काहीशे सभासदांच्या मतावर उमेदवार ठरतो, आणि सुरक्षित जागा असेल तर खासदारही तिथेच ठरलेला असतो. सभासद होण्याची मुदत मतदानाच्या बऱ्याच आधी संपते. जाहिरात कमी असते. कायम रहिवासी असाल तर त्या पक्षाचा नियम वाचा, बहुतेक ठिकाणी तुम्हाला परवानगी आहे. घरात चौदा-पंधरा वर्षांचं मूल असेल तर त्यालाही सांगा.

माझा भाचा त्या संध्याकाळी सभासद झाला नाही, घरी आईवडिलांना विचारतो म्हणाला. घरी दोन दिवस वाद झाला, वडिलांना पॉलिएव्ह अजिबात मान्य नव्हते. शेवटी त्याने ३ जूनच्या आत स्वतःचं नाव नोंदवलं आणि ऑगस्टमध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मतपत्रिका भरली. पहिली पसंती कुणाला दिली ते त्याने आम्हा कुणालाच सांगितलेलं नाही.